सरकता बिंदू आणि मध्यमान प्रमेय

कलनशास्त्राच्या विद्यार्थ्याला लाग्रांज यांचे मध्यमान प्रमेय बहुधा पाठ असते. वक्रावरील दोन बिंदू रेषेने जोडले, तर त्यांच्या दरम्यान निदान एका ठिकाणी वक्राची स्पर्शिका त्या रेषेला समांतर असते, हा त्याचा आशय. मात्र वक्र सलग असावा आणि टोकांच्या दरम्यान विकलनीय असावा, म्हणजे तेथे प्रत्येक बिंदूपाशी त्याचा चढ निश्चित असावा, या अटी विद्यार्थी मंत्रासारख्या म्हणून पुढे जातो. त्या कशासाठी आहेत, हे फळ्यावरील स्थिर आकृतीतून सहसा उमगत नाही.

ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ‘जिओजेब्रा’ ही संगणकप्रणाली रचण्यास आरंभ केला. अव्यावसायिक वापरासाठी ती विनामूल्य आहे. तिच्यातील बिंदू ओढला की त्याच्याशी निगडित रेषा व आकडे तत्क्षणी बदलतात.

समजा, विद्यार्थ्याने य = क्ष² हा वक्र काढून क्ष = १ व क्ष = ३ येथील बिंदू जोडले. या रेषेचा चढ ४ येतो. वक्रावर तिसरा बिंदू घेऊन तेथे स्पर्शिका काढावी आणि तो बिंदू हलकेच सरकवावा. क्ष = २ येथे स्पर्शिका रेषेला समांतर होते. उजवे टोक ५ वर नेले, तर ती ३ वर समांतर होते. दोन्ही वेळा बरोबर मध्य! ती नेहमी मधोमधच सापडणार, असे वाटू लागते. हा समज चुकीचा, पण मोलाचा. कारण आता विद्यार्थी स्वतःच्याच अंदाजाची परीक्षा घेऊ लागतो. य = क्ष³ हा वक्र ० ते ३ या अंतरालात घेताच तो अंदाज ढासळतो. स्पर्शिका १.५ वर नव्हे, तर सुमारे १.७३ वर समांतर होते.

याहून बोलका आलेख य = |क्ष| याचा. तो −१ ते २ या अंतरालात घेतल्यास टोके जोडणाऱ्या रेषेचा चढ १/३ येतो. बिंदू कितीही मागेपुढे केला, तरी आलेखाचा चढ शून्याच्या डावीकडे −१ आणि उजवीकडे १ एवढाच राहतो. शून्यापाशी कोपरा असल्याने तेथे चढ ठरतच नाही. आलेख कोठेही तुटलेला नाही, तरीही समांतर स्पर्शिका मिळत नाही. विकलनीयतेची अट येथे प्रथमच डोळ्यांना दिसते.

अर्थात, पडद्यावर दिसले म्हणजे सिद्ध झाले, असे नव्हे. १.७३ ही √३ ची केवळ जवळची किंमत आहे. य = क्ष² या वक्रात मध्यच का येतो, हेही वहीतच कळते. अ ते ब या अंतरालात रेषेचा चढ (ब² − अ²)/(ब − अ), म्हणजे अ + ब. स्पर्शिकेचा चढ २क्ष. दोन्ही समान मानले की क्ष = (अ + ब)/२.