जुन्या मोटारीची घरगुती तपासणी

आमच्या घरीं १९८८ सालची एक प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईकर जिला आपुलकीनें नुसतें ‘फियाट’ म्हणत आले, तीच ही गाडी. इटलींतील फियाट कंपनीचा ११०० जातीचा हा नमुना मुंबईस कुर्ला येथें १९६४ पासून तयार होऊं लागला. पुढें दहा वर्षांनीं त्यास पद्मिनी हें नांव मिळालें, आणि चालू शतकाच्या आरंभीं त्याची निर्मिति बंद पडली. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतूनही ही गाडी निघून गेली.

त्याच वर्षीं आमच्या गाडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. पंधरा वर्षें पुरी झालेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, व तत्पूर्वीं धुराची परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेंत आमची गाडी नापास झाली. कार्बन मोनॉक्साइड वायूचें प्रमाण शेंकडा ३ या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट भरलें. शिवाय सकाळीं गाडी लवकर सुरू होत नसे, व चढावर ती आचके देई. एका मिस्त्रींनीं इंजिन पूर्ण उघडण्यास सांगितलें. त्याचा खर्च गाडीच्या किंमतीहून अधिक होता. घरांत भंगारवाल्याचें नांव निघूं लागलें. तेव्हां निदान रोग तरी ओळखावा, म्हणून आम्हीं दिवाळीच्या सुटींत स्वतः पाना हातीं घेतला.

आरंभीं आमच्या हातून जी चूक झाली ती प्रथम सांगतों, कारण बहुतेक नवशिके तीच करतात. धूर काळा, अर्थात् पेट्रोल अधिक, अर्थात् कार्बुरेटर दोषी, असें अनुमान करून आम्हीं मिश्रणाचा स्क्रू आंत फिरविला. धूर कमी झाला. पण इंजिनही बंद पडलें. पुन्हां सुरू केलें, पुन्हां बंद पडलें. शेवटीं स्क्रू होता तेथें आणून ठेवला आणि विचार करीत बसलों.

पेट्रोलच्या इंजिनास तीन गोष्टी लागतात. सिलिंडरांत मिश्रण नीट दाबलें गेलें पाहिजे, नेमक्या क्षणीं जोरदार ठिणगी पडली पाहिजे, आणि हवा व पेट्रोल यांचें प्रमाण योग्य असलें पाहिजे. यांपैकीं पहिल्या दोहोंत उणीव असेल, तर पेट्रोल वाढवून ती कांहीं काळ झांकतां येते. कारण दुबळी ठिणगी विरळ मिश्रणास पेटवूं शकत नाहीं, थोड्या दाट मिश्रणास पेटविते. आमच्या गाडीचेंही कोणीं तरी पूर्वीं असेंच केलें होतें. तेव्हां तपासणीचा क्रम ठरला: आधीं दाब, मग ठिणगी, आणि कार्बुरेटर सर्वांत शेवटीं.

दाब मोजण्यासाठीं चारही प्लग काढले. ते ज्या सिलिंडरांतून निघाले त्याच क्रमानें वर्तमानपत्रावर मांडून ठेवले, कारण प्लगाचें तोंड हें इंजिनाच्या जिभेसारखें असतें. तपकिरी किंवा राखी रंग निरोगीपणाचा, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी दुबळी, आणि ओलें तेल म्हणजे तेल वर चढत आहे. आमचे चारही प्लग काजळीनें माखलेले होते, पण तेलकट एकही नव्हता. नंतर कॉइलची तार सोडवून ठेवली, दाबमापक एकेका भोकांत बसवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला व स्टार्टर पांच-सहा फेरे फिरविला. पहिला, दुसरा व चौथा सिलिंडर चौरस इंचास १२० ते १२५ पौंडांचे निघाले. तिसऱ्यांत मात्र कांटा ७५ वरच थांबला.

या ठिकाणीं मिस्त्रींचें म्हणणें खरें ठरतें कीं काय, अशी आम्हांस धास्ती वाटली. पण एक सोपी कसोटी आहे. त्या भोकांतून चमचाभर इंजिन-तेल सोडावें व पुन्हां दाब मोजावा. दाब चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या; कारण तेल त्यांच्या फटी क्षणभर बुजवितें. न चढला तर झडपेकडे पहावें. आमचा कांटा ७५ वरून हालला नाहीं. मग थंड इंजिनाचें वरचें झांकण काढून टॅपेटची फट पाहिली. तिसऱ्या सिलिंडरच्या धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेपाशीं फीलर गेजची अगदीं पातळ पट्टीही शिरेना! म्हणजे ती झडप पूर्ण मिटतच नव्हती. गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मापाप्रमाणें सर्व आठही फटी जुळविल्या. तिसरा सिलिंडर १०० पर्यंत आला. शेजाऱ्यांची बरोबरी त्यानें केली नाहीं, ही गोष्ट आम्हीं वहींत टिपून ठेवली.

आतां ठिणगी. बॅटरी फक्त १२ व्होल्टची. प्लगाच्या तोंडाशीं तर हजारों व्होल्ट लागतात. हा चमत्कार कॉइल करते. तिच्या जाड तारेच्या वेढ्यांतून प्रवाह वाहत असतां चुंबकक्षेत्र तयार होतें. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडले कीं प्रवाह तुटतो, क्षेत्र एकाएकीं कोसळतें, आणि बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांत प्रचंड दाबाची वीज उत्पन्न होते. पदार्थविज्ञानाच्या तासाला प्रवर्तनाचा जो प्रयोग पाहतों, तोच हा. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असतां डिस्ट्रिब्यूटर त्याच्या निम्म्या गतीनें, म्हणजे १,५०० फेरे फिरतो, व प्रत्येक फेऱ्यांत पॉइंट चार वेळां उघडतात. म्हणजे सेकंदास शंभर वेळां! इतकें झिजणाऱ्या वस्तूकडे वर्षानुवर्षें कोणी पाहूं नये, याचेंच नवल.

आमच्या पॉइंटांवर एका बाजूस खळगा व दुसऱ्या बाजूस उंचवटा झाला होता. हें बहुधा कंडेन्सर बिघडल्याचें लक्षण, म्हणून पॉइंट व कंडेन्सर दोन्ही बदलले. किंमत अगदीं किरकोळ. पॉइंटांची फट ०·४ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आंकडा त्या त्या डिस्ट्रिब्यूटरच्या पुस्तिकेवरून घ्यावा. फट बदलली कीं ठिणगीची वेळही बदलते, म्हणून टायमिंग नेहमीं पॉइंटांनंतरच लावावें. त्यासाठीं एक लहान दिवा पुरतो. त्याची एक तार कॉइलच्या पॉइंटांकडील टोंकास व दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडास जोडावी. सपाट जागीं प्लग काढलेल्या स्थितींत गाडी चौथ्या गिअरांत हळूंच ढकलून पुलीवरील खूण जुळवावी, मग इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्यूटर सावकाश फिरवावा. दिवा लागला तोच पॉइंट उघडण्याचा क्षण. नवे प्लग बसवितांना तारांचा १-३-४-२ हा क्रम मात्र चुकूं देऊं नये. आमचा एकदां चुकला, आणि कार्बुरेटरांतून असा बार निघाला कीं शेजारचीं मुलें कुंपणावर चढून पाहूं लागलीं.

कार्बुरेटरकडे वळलों तेव्हां त्याचा अपराध फारसा उरला नव्हता. हवेची जाळी धुळीनें बुजलेली होती. ती नवी घातली. चोकची तार गंजून अडकत असल्यानें त्याची झडप पुरती उघडत नव्हती; तिला तेल दिलें. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बोटांत दाबतांच तडकल्या. हल्लीं पेट्रोलांत इथेनॉल मिसळतात. जुन्या रबराला तें मानवत नाहीं, म्हणून या नळ्या बदलण्यांत कधींही आळस करूं नये. तडकलेल्या नळीखालीं तापलेलें इंजिन असतें. मग इंजिन गरम करून तोच स्क्रू पुन्हां आंत फिरविला. इंजिनाची गति ढळूं लागतांच किंचित् बाहेर घेतला, आणि वेग जास्त वाटला तो दुसऱ्या स्क्रूनें उतरविला. या वेळीं इंजिन बंद पडलें नाहीं. हें काम उघड्या अंगणांतच करावें. बंद गॅरेजमध्यें जमणाऱ्या त्या वायूस ना रंग ना वास, व तो प्राणघातक आहे.

दुसऱ्या परीक्षेंत प्रमाण शेंकडा २ च्या आंत आलें, आणि नोंदणी २०२८ पर्यंत वाढवून मिळाली. वहींतला तो १०० चा आंकडा मात्र तसाच होता. म्हणून पुढल्या उन्हाळ्यांत एका दुसऱ्या मिस्त्रींकडून केवळ वरचें हेड उतरवून घेतलें. तिसऱ्या सिलिंडरच्या त्या झडपेची कड नखाएवढी जळून गेलेली दिसली. तेवढी एक झडप बदलून तिची बैठक घासून घेतली; पिस्टनला हात लावावा लागला नाहीं.