छाटणीच्या दिवसांत काटा मोडला तर

ऑक्टोबरच्या मध्यावर पाऊस छत्तीसगडमधून काढता पाय घेतो आणि भिलाईच्या सेक्टरांमध्ये क्वार्टरांच्या मागच्या अंगणातून कात्र्या, कोयते बाहेर निघतात. गुलाबाची छाटणी याच पंधरवड्यातली. बोगनवेल चार महिन्यांत भिंत ओलांडून शेजाऱ्याकडे गेलेली असते, लिंबाला बोटाएवढ्या काट्यांचे पानसोट सुटलेले असतात. शहराबाहेर धमध्याकडे, पाटनकडे गेलात तर धान पिवळं पडलेलं, मेडांवरच्या, म्हणजे बांधांवरच्या, बाभळी छाटायला घेतलेल्या आणि त्याच फांद्यांची फेसाटी, म्हणजे काटेरी कुंपण, रब्बीच्या बाडीला (परसबागेला) लावायची लगबग. वर्षभरात काटा टोचायचा हा हंगाम.

एक गोष्ट इथे राहणाऱ्या कुणाच्याही नजरेतून सुटणार नाही. ज्या माणसानं सेफ्टी शूजशिवाय पोलाद प्लांटच्या गेटातून तीस वर्षं कधी आत पाऊल टाकलं नाही, तोच माणूस रविवारी सकाळी रबरी स्लिपर घालून, उघड्या हातांनी बोगनवेल ओढत असतो. घरची झाडं म्हणजे घरचीच, ती काय करणार, असा हिशोब. काट्याची जखम तोंडाला लहान आणि पोटात खोल असते, हे त्या हिशोबात धरलेलं नसतं. कोयत्याचा घाव मोठा दिसतो, रक्त येतं, आपण धावपळ करतो. काट्याचं एक टिंब दिसतं, आणि त्या टिंबातून माती, शेण, बुरशी थेट स्नायूपर्यंत किंवा सांध्यापर्यंत पोचलेली असते. रक्त फारसं वाहत नसल्यामुळे ती आपोआप धुऊनही निघत नाही.

म्हणून काम लगेच थांबवा आणि आधी हात धुवा, मग जखम. वाहत्या पाण्याखाली साबणानं चांगली पाच मिनिटं. मात्र काटा अजून आत असेल तर बादलीत पाय बुडवून बसू नका. लाकडी काटा पाण्यानं फुगतो, मऊ पडतो आणि ओढताना मध्येच मोडतो. धुऊन, टिपून, उजेडात बसा. चष्मा लागत असेल तर तो घाला. अर्धे काटे चष्म्याच्या आळसापायी अर्धवट निघतात. टोक बाहेर दिसत असेल तर चिमट्यानं अगदी कातडीलगत पकडा आणि ज्या तिरक्या दिशेनं शिरला त्याच दिशेनं मागे घ्या. टोक कातडीखाली असेल पण वरून काळी रेघ दिसत असेल, तर स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं त्या रेघेवरची वरवरची कातडी काट्याच्या लांबीच्या दिशेनं उकला, टोक मोकळं झालं की चिमटा लावा. उभी सुई खुपसून उकरायचं नाही. दोनदा प्रयत्न करून निघाला नाही तर तो तुमच्या हातचा राहिला नाही असं समजा आणि दवाखाना गाठा. आणि ‘काट्यानं काटा काढावा’ ही म्हण राजकारणात चालते. अंगणात बाभळीच्या दुसऱ्या काट्यानं पहिला उकरणं म्हणजे मातीचा दुसरा हप्ता आत भरणं.

काटा निघाला की तो फेकू नका. पूर्ण आहे का ते बघा. टोक शाबूत, अणकुचीदार असेल तर ठीक. टोक बोथट, तुटकं दिसलं तर उरलेलं आत आहे. कागदात गुंडाळून ठेवा, पुढे दुखलं तर डॉक्टरांना दाखवायला तो कामाला येतो. कोणत्या झाडाचा काटा हेही सांगा. बाभळीचे काटे सरळ, पांढुरके आणि जोडीनं येतात. बोरीला जोडीतला एक सरळ आणि दुसरा आकड्यासारखा वाकडा, त्यामुळे तो ओढताना कातडी फाडतो. शिंदीचा, म्हणजे इकडच्या छिंदाचा काटा वेगळाच. झावळीच्या बुडाची पानंच कडक होऊन सुयांसारखी झालेली असतात आणि ती आत मोडण्यात पटाईत. कुणी हौसेनं फड्या निवडुंग लावलं असेल तर त्याची केसासारखी बारीक कुसळं चिमट्याला पुरती दाद देत नाहीत. आधी चिमट्यानं निघतील तितकी काढावीत, मग पांढऱ्या गोंदाचा पातळ थर आणि त्यावर जाळीदार पट्टी लावून, वाळल्यावर ती अलगद ओढावी. बरीचशी त्याला चिकटून येतात.

जखमेवर पोव्हिडोन आयोडीन आणि कोरडी पट्टी, इतकंच पुरे. बिब्बा घालणं, रुईचा चीक टाकणं, गरम गूळ-तुपाचा चटका देणं हे आपल्या आज्या-पणज्यांनी केलं कारण त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. बिब्ब्यानं कातडी भाजते, भाजलेल्या कातडीखाली पू झाकला जातो आणि डॉक्टरला लालसरपणा काट्याचा की बिब्ब्याचा हे कळत नाही. रुईच्या चिकाचा हात डोळ्याला लागला तर नवीनच दुखणं. हळद जेवणात असू द्या.

आता धनुर्वात. पोलादाच्या गावात गंजक्या खिळ्याची भीती सगळ्यांना असते, पण दोष गंजाचा नसतो, खिळ्यावरच्या मातीचा असतो. धनुर्वाताच्या जंतूची बीजं मातीत आणि गुराढोरांच्या शेणात वर्षानुवर्षं जिवंत राहतात, आणि जिथे हवा पोचत नाही तिथे ती वाढतात. अरुंद, खोल, शेणखताच्या वाफ्यातली काट्याची जखम म्हणजे त्यांची आवडती जागा. घुरव्यातलं (खताच्या खड्ड्यातलं) खत पसरून झाल्यावर त्याच हातांनी गुलाब छाटणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. टोचल्यापासून साधारण 3 ते 21 दिवसांत जबडा आखडू लागतो, गिळायला त्रास होतो, मान-पाठ ताठरते. तोवर काट्याची जागा बहुधा भरूनही आलेली असते.

इंजेक्शनाबाबत लोकांमध्ये दोन टोकं दिसतात. काही जण दर सहा महिन्यांनी, खरचटलं तरी, इंजेक्शन टोचून घेतात. त्याची गरज नाही. लहानपणचे डोस पूर्ण झालेले असतील तर मातीनं माखलेल्या किंवा खोल जखमेला शेवटच्या डोसाला 5 वर्षं उलटली असतील तरच नवा डोस, आणि एरवी 10 वर्षांनी एक. 2019 पासून सरकारी केंद्रांत जुन्या टीटीऐवजी टीडी मिळते, म्हणजे त्यात घटसर्पाचीही लस असते. दुसरं टोक जास्त धोक्याचं. घरातल्या बाईला गरोदरपणात लस मिळालेली असते. अशा लसीकरणाचाही हातभार लागून 2015 साली भारतातून बाळंतिणींचा आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. पण घरातला पन्नाशी-साठीचा पुरुष, जो खरं म्हणजे कुंपण घालतो आणि बाभळी तोडतो, त्याला शेवटची सुई कधी टोचली हे कुणाला आठवत नाही. कित्येकांना ती टोचलेलीच नसते. अशा माणसाला खोल, मळकी जखम झाली तर नुसती लस पुरत नाही, सोबत तयार प्रतिपिंडांचं इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. तेव्हा छाटणीला हात घालण्याआधीच जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन टीडी घेऊन टाकावी आणि तारीख रेशनकार्डाच्या पाकिटात लिहून ठेवावी.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय बघायचं? ठणका कमी होण्याऐवजी वाढत असेल, जखमेपासून वर लाल रेघ चढत असेल, ताप आला, पायाच्या जखमेनं जांघेत किंवा हाताच्या जखमेनं काखेत अवधाण आलं तर थांबू नका. बोटाच्या आतल्या बाजूला काटा टोचला असेल आणि ते बोट सुजून अर्धवट वाकलेलं राहत असेल, सरळ करताना कळ मस्तकात जात असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. बोटाच्या दोरीच्या, म्हणजे कंडरेच्या, म्यानात पू झालेला असू शकतो, आणि एक रात्र उशीर झाला तरी बोट कायमचं आखडू शकतं. स्लिपरच्या तळातून काटा आरपार तळपायात गेला असेल तर रबराचा कण आत गेल्याची शक्यता धरावी. तशा जखमेत हाडापर्यंत जंतू पोचू शकतात. मधुमेह असणाऱ्यांनी तर टोचल्याचं कळण्याची वाटच बघू नये. पायाला बधिरपणा आलेला असतो, काटा आठ-आठ दिवस आत राहतो आणि कळतं ते मोज्याला पाणी लागल्यावर. बागेतून आलं की दोन्ही तळवे आरशात बघायचे.

खरी फसगत पुढे होते. जखम भरली, लोक विसरले, आणि महिन्या-दोन महिन्यांनी गुडघा किंवा बोटाचं पेर सुजतं. संधिवाताच्या गोळ्या सुरू होतात, थोडं बरं वाटतं, पुन्हा सूज. शिंदीच्या काट्याचं तुटकं टोक सांध्यात राहिलं की असंच होतं. क्ष-किरणात लाकूड दिसत नाही, त्यामुळे ‘फोटो तर नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. सोनोग्राफीत ते दिसू शकतं. टोचल्याची गोष्ट आपण होऊन सांगा, कारण डॉक्टर दोन महिन्यांपूर्वीच्या काट्याबद्दल विचारणार नाहीत.

गुलाबवाल्यांना एक बुरशी माहीत असावी, स्पोरोथ्रिक्स नावाची. टोचल्यावर एक ते बारा आठवड्यांनी तिथे न दुखणारी गाठ येते, फुटते, आणि मग हातावर वरवर माळेसारख्या एका ओळीत गाठी उठतात. आपल्याकडे ती हिमालयाच्या पायथ्याला, आसाम-बंगालकडे जास्त आढळते. साध्या अँटिबायोटिकनं ती हलत नाही. बुरशीचं औषध काही महिने घ्यावं लागतं.

बाभळीच्या पट्ट्यात त्याहून लक्ष ठेवण्यासारखं म्हणजे मायसेटोमा, जुन्या लोकांचा मदुरा फूट. पावलावर हळूहळू घट्ट सूज, मग छिद्रं, आणि त्यातून काळे, पांढरे किंवा लाल दाणे. याचा शोध आपल्याच मुलखात लागला. ग्रेच्या शरीररचनेच्या ग्रंथातली चित्रं ज्यानं काढली तो हेन्री व्हॅनडाइक कार्टर मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजात होता, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन झाला. 1860 च्या सुमारास त्यानं हा रोग बुरशीचा असल्याचं मांडून त्याला मायसेटोमा हे नाव दिलं आणि 1874 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. दीडशे वर्षांनंतरही हा रोग अनवाणी शेतकऱ्याचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्ये त्याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. त्याची वाईट खोड ही की तो दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस दाखवत नाही, आणि लवकर न दाखवल्यामुळे काहींना पाऊल गमवावं लागतं. काट्याच्या जुन्या जागेवर न दुखणारी टणक गाठ दिसली की त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा रायपूरच्या एम्सला जा.

डोळ्याची गोष्ट तासांची. धान कापणी आणि मिंजाईच्या (मळणीच्या) दिवसांत लोंबीचं कुसळ, पात किंवा फांदीचा फटका बुब्बुळाला बसतो. ओरखडा दिसतही नाही, पण त्यातून बुरशी शिरली तर डोळा पांढरा पडतो. चोळू नका, मध-दूध-गुलाबपाणी काही घालू नका, आणि औषधाच्या दुकानातून ‘लाली जाणारे’ थेंब तर मुळीच आणू नका. त्यांत स्टेरॉइड असलं तर बुरशीचं फावतं. नेपाळमध्ये भक्तपूरला झालेल्या एका अभ्यासात ओरखड्यानंतर 18 तासांच्या आत ज्यांच्या डोळ्यात अँटिबायोटिक मलम पडलं त्यांच्यापैकी कुणालाही व्रण झाला नाही. म्हणजे सकाळी लागलं तर संध्याकाळपर्यंत नेत्रतज्ज्ञ.

आणि एक, जे काट्याच्या नावावर खपून जातं. पालापाचोळ्यात, धानाच्या पेंढ्यांत हात घालताना ‘काहीतरी टोचलं’, पण काटा सापडत नाही, सूजही नाही. मण्यार, इकडचा करैत, चावला तर खूण जेमतेम असते आणि दुखतही नाही. पुढच्या काही तासांत पापण्या जड होणं, दुहेरी दिसणं, पोटात कळ, बोलणं अडखळणं यातलं काहीही झालं तर 108 ला फोन. खरं म्हणजे काटा सापडला नाही आणि जागा गवताची असेल तर लक्षणांची वाटही बघू नका, हॉस्पिटलच्या आवारात जाऊन बसा.

टोचूच नये म्हणून करायचं ते सोपं आहे, आणि भिलाईत तर सामान घरातच असतं. वेल्डिंगचे कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे बोगनवेलीला आणि लिंबाला नर्सरीतल्या कापडी मोज्यांपेक्षा कितीतरी बरे. जुने सेफ्टी शूज फेकू नका, बागेला ठेवा. चष्मा घाला. गुलाबाची फांदी हातानं धरून न कापता लांब दांड्याच्या कात्रीनं, बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या (कोंबाच्या) थोडं वर तिरकी कापा, आणि कापलेली फांदी चिमट्यानं उचला. लिंबाचे पानसोट कोवळे असतानाच मोडले तर पुढे कोयता लागत नाही. बाभळीची फेसाटी हातानं न दाबता बेचक्यानं सरकवा, आणि बुडखे पायवाटेकडे, शेंडे बाडीच्या आत असे लावा. रात्री पाणी द्यायला येणारा तुमच्याच घरचा असतो.

छाटलेला काटेरी पाला घुरव्यात टाकू नका. पानं कुजतात, काटे लवकर कुजत नाहीत, आणि पुढच्या वर्षी तेच खत तुम्ही हातानं पसरता. पाला एका कोपऱ्यात उन्हात वाळवा, पानं झटकून खतात घ्या आणि काड्या चुलीला लावा. झाडून झाल्यावर अंगणातून एकदा लोहचुंबक फिरवल्यासारखा हात फिरवायचा मोह होतो. तिथे खराटाच वापरा.