शालेय आरोग्य तपासणी : चिठ्ठीच्या पुढे काय?

विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्हा परिषदेच्या तपासणीस यावयाची असली, की गावोगावच्या शाळांत रजिस्टरांवरची धूळ झटकली जाते. समितीतील आमदार लेखापरीक्षणातील आक्षेपांवर अधिकाऱ्यांना जाब विचारतात, शाळेत व प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पाहतात. मुलांची आरोग्य तपासणी झाली का, हा प्रश्नही त्यात येतो आणि ‘झाली’ असे उत्तर मिळते. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. दोष आढळलेल्या मुलांपैकी कितींना उपचार मिळाले?

शालेय आरोग्यसेवेच्या मुळाशी अशीच एक चौकशी आहे. बोअर युद्धाच्या वेळी इंग्लंडमध्ये सैन्यभरतीस आलेले अनेक तरुण अशक्त म्हणून नाकारले गेले. सरकारने नेमलेल्या समितीने 1904 साली अहवाल दिला. त्यानंतर 1906 साली शाळेत जेवण देण्याचा आणि 1907 साली वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला. गंमत अशी, की तपासणी बंधनकारक होती, उपचार मात्र स्थानिक मंडळांच्या मर्जीवर!

आपल्याकडे 1909 साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात विद्यार्थ्यांची पहिली तपासणी झाली. पुढे नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 च्या अहवालात देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असे नमूद केले. 1960 साली रेणुका राय समिती नेमली गेली. आजचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघर येथून सुरू झाला. त्यात दोन डॉक्टर, औषधनिर्माता व परिचारिका यांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांत एकदा येते. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची उणीव, आजार आणि वाढीतील विलंब हे पाहिले जाते. पुढील उपचार, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही, मोफत आहे.

मग अडते कोठे? चिठ्ठीवर ‘उपजिल्हा रुग्णालयात दाखवा’ असे लिहिलेले असते. पण येवद्याहून दर्यापूरला मुलाला घेऊन यावयाचे म्हणजे आईचा कापूस वेचणीचा रोज बुडतो. मूल खेळते आहे, जेवते आहे, मग घाई कशाला, असे वाटते. यात पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. एकाच गावच्या मुलांना एकाच दिवशी गाडीने नेण्याची व्यवस्था झाली, तर बरीच अडचण दूर होईल.

तरीही काही चिठ्ठ्या थांबत नाहीत. लहानपणी तिरळा किंवा अधू डोळा वेळीच सुधारला नाही, तर त्याची नजर कायमची मंद राहते. पुढे चष्मा देऊनही फारसा उपयोग होत नाही. कान वाहणारे मूल वर्गात ‘लक्ष देत नाही’ म्हणून मार खाते. पापणीच्या आतली बाजू फिकी असेल, मूल लवकर थकत असेल, तर रक्तक्षयाची शंका घ्यावी. शाळेत मिळणारी लोहाची गोळी उपाशीपोटी देऊ नये. शौचास काळी झाली तर घाबरू नये. 10 फेब्रुवारी व 10 ऑगस्टच्या सुमारास मिळणारी जंताची गोळीही चुकवू नये.

घरीही एक परीक्षा करता येते. भिंतीवरचे कॅलेंडर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून मुलाला वाचावयास सांगा, एकेक डोळा तळहाताने झाकून. दोन्ही डोळ्यांत फरक वाटला, तर पथकाची वाट न पाहता रुग्णालयात दाखवा. चिठ्ठी हरवली असल्यास मुख्याध्यापकांना भेटा, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीत विचारा : गेल्या वर्षी आपल्या शाळेतील किती मुलांना चिठ्ठी मिळाली, आणि त्यांपैकी किती जण दवाखान्यात पोहोचले?