वाघिणीच्या गळ्यातला ट्रान्समीटर

२० मे २०२३ ला ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी आपल्या नागझिऱ्यात आणून सोडल्या. एप्रिल २०२४ मध्ये तिसरी आली. पेपरात फोटो आले, विषय संपला. पण वाघीण इथे टिकते की परत वाट धरते, हे कळायचं कसं? त्यासाठी तिच्या गळ्यात कॉलर असते.

कॉलरमधला व्हीएचएफ ट्रान्समीटर ठरावीक फ्रीक्वेन्सीवर टिक-टिक पाठवतो. वनरक्षक हातातला यागी अँटेना (पूर्वी घराच्या छपरावर टीव्हीचा असायचा तसलाच) फिरवतो, आवाज जिकडून मोठा येईल तिकडची दिशा कंपासवर घेतो. मग दुसऱ्या जागेवरून तेच. दोन रेषा छेदतात तिथे वाघीण! निदान कागदावर तरी. वाघीण २ किलोमीटरवर असेल आणि दिशा ५ अंशांनी चुकली, तर जागा पावणेदोनशे मीटरने चुकते. टेकड्यांत सिग्नल आपटून भलतीकडूनही येतो. म्हणून तिसरी रेषा घेतात.

जीपीएस कॉलर हे काम उपग्रहावरून करते. अडचण बॅटरीची. दर तासाला लोकेशन मागितलं तर ती लवकर संपते, दिवसातून दोनदाच मागितलं तर मधली भटकंती कळत नाही. बरं, बॅटरी मोठी करावी तर वजन जनावराच्या मानेवर!

नकाशावर ठिपके एकाच जागी साचले की शिकार झाली असावी. आठवडेच्या आठवडे ती त्याच ठिकाणी परतत असेल तर पिल्लं असू शकतात. ‘असू शकतात’ एवढंच. खात्री करायला ती दूर गेल्यावर माणसालाच जावं लागतं.

या पाठलागाचं मोल पन्नाला कळलं. २००९ मध्ये तिथले वाघ संपले होते. पेंचहून आणलेला नर नोव्हेंबरात सोडला, तो काही दिवसांतच दक्षिणेला, पेंचच्या रोखाने चालू लागला. पथक हत्ती घेऊन सिग्नलमागे महिनाभर फिरलं, डिसेंबरात त्याला बेशुद्ध करून परत आणलं. एप्रिल २०१० मध्ये तिथे पिल्लं झाली.

आपल्या ‘जय’चं मात्र उलटं झालं. नागझिऱ्यात जन्मलेला हा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला. सप्टेंबर २०१५ मध्ये लावलेली कॉलर बंद पडली, मार्च २०१६ मध्ये दुसरी लावली. एप्रिलमध्ये तिचाही सिग्नल थांबला. यंत्र बिघडलं की वाघच गेला, हे गप्प कॉलर सांगत नाही. मग कॅमेरा ट्रॅप लावले, पाऊलखुणा शोधल्या, गावोगाव विचारलं. जय सापडला नाही.