बिल अडते कोठे? ट्रिगरचा तपास

भोरच्या पेठेत सणासुदीला गर्दी झाली की वेल्ह्याकडच्या गिऱ्हाइकाचे अर्धे लक्ष गाडीकडे असते. बिलाला वेळ लागला तर तो कापड तसेच ठेवून निघून जातो. आमच्या दुकानात हेच होऊ लागले. सॉफ्टवेअरवाल्याने नवा संगणक घ्यायला लावला. पैसे गेले, दुखणे मात्र राहिले.

दोष ट्रिगरमध्ये होता. ट्रिगर म्हणजे तक्त्यात नोंद पडताच आपोआप चालणारे काम. बिलाची एकेक ओळ पडली की आमचा ट्रिगर त्या मालाची सगळी जुनी खरेदी-विक्री मोजून शिल्लक काढी. ही बेरीज सुटी चालवली तर अर्ध्या सेकंदात येते, म्हणून तपासणारा म्हणतो, बिघाड नाही. पण लग्नाच्या बस्त्याचे बिल 20 ओळींचे! 20 वेळा अर्धा सेकंद म्हणजे 10 सेकंद झाले. पहिल्या वर्षी हे जाणवत नाही. वही जाड होते तसा त्रास वाढतो.

डेटाबेस पोस्टग्रेसचा असेल तर व्यापारी बांधवांनी आपल्या माणसाला सांगावे की, बिलाची नोंद ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ लावून चालव. खाली प्रत्येक ट्रिगरचा वेळ आणि तो किती वेळा चालला हे येते. मात्र ही नोंद खरोखरच पडते, तेव्हा आधी ‘बिगिन’ व नंतर ‘रोलबॅक’ करावे. नाहीतर खोटे बिल हिशेबात बसेल. ट्रिगरच्या पोटातील क्वेरी येथे दिसत नाही. त्यासाठी ‘ऑटो एक्सप्लेन’ जोडून आतील क्वेऱ्यांची नोंद चालू करावी लागते. तेथे ‘सिक्वेन्शियल स्कॅन’ दिसला, तर प्रत्येक ओळीसाठी सगळी वही पहिल्या पानापासून चाळली जात आहे असे समजावे.

आम्ही मालाच्या नंबरवर इंडेक्स, म्हणजे सूची, करून घेतली. पुढे बेरीजही काढून टाकली. आता शिल्लक आकड्यातून विकलेले मीटर वजा होतात, बस्स.

यात एक नवी अडचण आहे. दोन गल्ल्यांवर एकाच वेळी तोच माल विकला, तर पहिले बिल पुरे होईपर्यंत दुसरे थांबते. तो वेळही ट्रिगरच्याच नावावर दिसतो, पण तेथे सूचीचा इलाज चालत नाही. म्हणून आमच्याकडे शिल्लक वजा करण्याचे काम बिलाच्या अगदी शेवटी ठेवले आहे.