स्वमग्न बालक : एक अमानत

संतती ही अल्लाहची देणगी आहे आणि त्याने सोपविलेली अमानतही. देणगीचा आनंद सर्वच मानतात. मूल हाकेला ओ देत नाही, नजर भिडवीत नाही, दोन वर्षांचे होऊनही बोलत नाही, तेव्हा अमानत जड वाटू लागते. मीरा रोडच्या शांती नगरात इमारतीला इमारत लागून आहे. अशा वस्तीत मुलाची किंकाळी लपत नाही. मूल मात्र लपविले जाते.

स्वमग्नता हा मेंदूच्या विकासातील फरक आहे. (हा शब्दही थोडा फसवा आहे, मूल हेतुपुरस्सर स्वतःत रमलेले नसते.) लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यानंतर काही दशके पाश्चात्त्य तज्ज्ञही आईच्या थंड वागणुकीला दोष देत राहिले; तो सिद्धांत खोटा ठरला. आपल्याकडे मात्र सुनेला ऐकविणे अद्याप थांबलेले नाही. लसीमुळे असे होते, हा समजही निराधार आहे. तसे सुचविणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

दुआ अवश्य करा. परंतु उपचार करावेत काय, असे विचारले गेले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्याचीच आज्ञा दिली, हे विसरू नका. जिन्नाची बाधा म्हणून ताईत-गंड्यांत वर्ष-दोन वर्षे दवडली, तर शिकण्याचा मोलाचा काळ निघून जातो. स्वमग्नता मुळापासून घालविणारे औषध नाही. झोप, झटके, तीव्र चिडचिड यांवर डॉक्टर औषध देऊ शकतात. खरा भार वाचा-उपचार, व्यवसायोपचार आणि घरातील रोजच्या सरावावर असतो. शंका येताच बालरोगतज्ज्ञांकडे जा, श्रवणचाचणीही करून घ्या. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाणी व श्रवणदोषांसाठीच आहे आणि मीरा रोडहून लोकलने तेथे सरळ जाता येते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. दाखला काढण्यात कमीपणा मानू नका. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चाचे संरक्षण असून त्यात नियमित थेरपीही येते. जकातीचा प्रश्नही वारंवार विचारला जातो. तिचा हक्क गरजेतून निर्माण होतो, आजारातून नव्हे. थेरपीच्या खर्चाने जे कुटुंब खरोखर गरजू झाले आहे, त्याला ती देता येते. सधन कुटुंबाला नाही.

आता मस्जिदीविषयी. सज्द्यात असताना नातू पाठीवर बसला, तेव्हा प्रेषितांनी (स.) सज्दा लांबविला, बाळाचे रडणे ऐकून नमाज आटोपती घेतली. मग सफांमधून धावणाऱ्या, कानांवर हात दाबणाऱ्या मुलाच्या बापाला आपण नजरेनेच बाहेर काढतो, ते कोणाचे अनुकरण? लाउडस्पीकरपासून दूरची एखादी कड अशा मुलांसाठी राखून ठेवणे कठीण नाही. ज्याला समज आहे, त्याच्यावर वयात आल्यावर नमाज बंधनकारक आहे. ज्याला ती नाही, त्याच्यावर नाही. एकाच शब्दाखाली ही दोन्ही प्रकारची मुले येतात, म्हणून सरसकट उत्तर देऊ नये.

एक बाब बहुतेक आई-वडील पुढे ढकलतात. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते प्रौढ होते. ज्याला स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नाहीत, त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. त्याचा वारसाहक्क शरीअतमध्ये तसूभरही कमी होत नाही. सूरह निसामध्ये अशांच्या संपत्तीबाबत आज्ञा आहे : ती त्यांच्या हाती सोपवू नये, तिच्यातून त्यांचे अन्न-वस्त्र चालवावे आणि त्यांच्याशी भलेपणाने बोलावे.