दारू आठवड्यात उतरते, मग महिना कशाला?

प्रश्न : आमचे मालक घोटीत भातगिरणीवर कामाला आहेत. रोज पितात, सकाळी प्यायल्याशिवाय हात स्थिर राहत नाहीत. व्यसनमुक्ती केंद्रात महिन्याहून जास्त ठेवतात म्हणे. अंगातली दारू तर आठ दिवसांत उतरत असेल, मग बाकीचे दिवस तिथे काय करतात? शेजारच्यांनी जेवणातून न कळत द्यायची पूड सुचवली आहे. देऊन पाहू का?
– एक वाचक भगिनी, घोटी

उत्तर : ताई, आधी पुडीचं. देऊ नका. अशा पुडीत काय आहे, हे कुणीच सांगत नाही. त्यात डायसल्फिराम असेल आणि मालक वरून दारू प्यायले, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब एकदम उतरतो. जिवावरही बेतू शकतं. हे औषध डॉक्टर देतात, पण तपासून आणि रोग्याला सगळं सांगूनच.

आणखी एक धोका तुमच्या पत्रातच आहे. सकाळी हात थरथरतात, म्हणजे शरीराला दारूची सवय जडली आहे. अशा माणसाची दारू घरात कोंडून एकदम तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसं दिसू लागतात. म्हणून हे दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढायचे असतात. तिथे थरथर आणि फिट आवरणारी औषधं देतात, बी-१ जीवनसत्त्व देतात, झोप आणि जेवण रुळावर आणतात.

तुमचा हिशेब बरोबर आहे. अंगातली दारू लवकर उतरते. पण संध्याकाळ झाली की पाय गुत्त्याकडे वळतात, ती ओढ आठवड्यात जात नाही. पुढचे दिवस तिच्यासाठी असतात. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला मोठा आधार होता. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा. योगासनं, वाटून घेतलेली कामं, समुपदेशन आणि गटात बसून मोकळेपणानं बोलणं असा दिवस जातो. तिथले कितीतरी समुपदेशक पूर्वी स्वतः व्यसनी होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण ‘मी काही बेवडा नाही, वाटेल तेव्हा सोडीन’ ही भाषा त्यांनी स्वतः बोललेली असते. बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ गट आहे. वर्षानुवर्षं धाकात राहिलेल्या बाईलाही मन मोकळं करायला जागा लागतेच.

केंद्र निवडताना नोंदणी आणि डॉक्टर दोन्ही विचारा. मारहाण करणारं, साखळीनं बांधणारं केंद्र असेल तर माघारी फिरा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीला सक्त मनाई आहे, आणि व्यसनातून येणारे मानसिक आजारही त्या कायद्यात येतात.

घरी आल्यावर पहिले काही महिने नाजूक असतात. भात विकून हातात रोख पैसा येतो ते दिवस, गिरणीवरच्या सोबत्यांची बैठक, हळदी-लग्नं, या सगळ्याची आखणी केंद्रात असतानाच त्यांच्यासोबत बसून करा. पाठपुराव्याच्या बैठका चुकवू देऊ नका. पुन्हा प्यायले तर लपवू नका, लगेच केंद्राला कळवा. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. मालक तयार नसले तरी आजच तुम्ही स्वतः फोन करा.